अल्फा-१ अँटिट्रिप्सिन: फुफ्फुसाचे औषध श्वासातूनच का देऊ नये?

नमस्कार. १९६३ साली स्वीडनमध्ये कार्ल-बेर्टिल लॉरेल रक्तातील प्रथिनांच्या तपासणीच्या कागदी पट्ट्या न्याहाळत असताना काही पट्ट्यांवर एक ठरावीक रेघ जवळजवळ उमटलेलीच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. सुमारे १,५०० नमुन्यांत असे पाच निघाले आणि स्टेन एरिक्सन यांच्यासह शोध घेतल्यावर त्यांतील तिघांना एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसातील वायुकोशांच्या (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या) भिंती झिजण्याचा आजार, असल्याचे कळले.

ती रेघ अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची. यकृतात तयार होणारे हे प्रथिन, पांढऱ्या पेशी जंतूंवर सोडतात ते इलॅस्टेज नावाचे विकर फुफ्फुसाचेच लवचीक धागे कुरतडू लागले की त्याला आवर घालते. आई आणि वडील या दोघांकडूनही झेड प्रकारचे जनुक आले, तर ३४२व्या जागचे एकच अमिनो आम्ल बदलते, प्रथिनाची घडी बिघडते आणि बरेचसे प्रथिन यकृतातच अडकून पडते. उरलेसुरलेही सिगारेटच्या धुराने निकामी होते. तेव्हा धूम्रपान सोडणे आधी, औषध नंतर.

अमेरिकेत १९८७ पासून दात्यांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातून, काढलेले हे प्रथिन दर आठवड्याला शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ३.६ ग्रॅम, आणि त्यातले फुफ्फुसात पोहोचते जेमतेम २ टक्के. श्वासातून देण्याच्या एका चाचणीत मात्रा होती रोज ८० मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक. त्यासाठी नेब्युलायझरही वेगळा लागतो: बारीक छिद्रांची एक जाळी थरथरते आणि द्रावण न तापवता त्याचे तुषार करते, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते.

मला हा मार्ग पटतो, पण अडचण खरी आहे. तुषार हवेबरोबर जातात. जिथे फुफ्फुस आधीच झिजले आहे तिथे हवाच नीट खेळत नाही, आणि लवचीक धागे तर वायुकोशांच्या भिंतीच्या आत असतात. युरोपातील मोठ्या चाचणीत आजार उफाळण्याचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले नाही आणि २०१७ मध्ये तिथला परवानगीचा अर्ज कंपनीने मागे घेतला. अर्थात, इतक्या संथ आजारात मोजायचे काय, हाही पेचच आहे. शिरेतून दिलेल्या प्रथिनाचा फायदासुद्धा फुंकून करायच्या स्पायरोमेट्रीत नव्हे, तर सीटी स्कॅनवर फुफ्फुसाची घनता दोन वर्षे मोजत राहिल्यावर दिसला.