इंटेलिजन्स : हेरांची नव्हे, बोटींची

मंडळी, एकोणिसाव्या शतकातला लंडनचा 'टाइम्स' चाळायला घ्या. 'नेव्हल अँड मिलिटरी इंटेलिजन्स' या मथळ्याशी तुम्ही थबकणारच. वाटतं, आता गुप्त खलबतं उघडी पडणार. खाली मजकूर काय, तर अमकी रेजिमेंट तमक्या छावणीत हलली, कुणा कॅप्टनला बढती मिळाली, एक जहाज दुरुस्तीला गोदीत गेलं. सगळा जाहीर कारभार!

इंटेलिजन्स म्हणजे तेव्हा आलेली खबर. 1663 मध्ये इंग्लंडात रॉजर लेस्ट्रेंजनं काढलेल्या वृत्तपत्राचं नावच 'इंटेलिजन्सर'. अमेरिकेत तर 'इंटेलिजन्स ऑफिस' म्हणजे घरकामाला माणसं मिळवून देणारी कचेरी. स्वयंपाकीण हवी? गाठा इंटेलिजन्स ऑफिस!

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते 'शिपिंग इंटेलिजन्स'. दिसायला रुक्ष: जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, कुठून आलं, कुठे निघालं. मालात पैसा अडकलेला व्यापारी आधी हेच सदर उघडणार. त्यातच 'स्पोकन' म्हणून ओळी असत. भर समुद्रात दोन जहाजं भेटली की एकमेकांची नावं विचारून घेत. पहिलं बंदराला लागलं की दुसऱ्याची खबर अक्षांश-रेखांशांसह छापून येई. ज्यांचा मुलगा त्या दुसऱ्या जहाजावर असेल, त्यांच्यासाठी बाकीचा पेपर कोरा असला तरी चाललं असतं.

या खबरीला प्रवास करावा लागे, हे विसरू नका. मेरठला 10 मे 1857 रोजी उठाव झाला, तो लंडनला कळला जूनच्या अखेरीस. तेव्हा 'लेटेस्ट इंटेलिजन्स' या मथळ्याखाली दीड महिन्यापूर्वीची हकिकत आली तर त्यात खोटं काही नव्हतं. लेटेस्ट म्हणजे सर्वांत शेवटी पोचलेलं. घडलं कधी, हा प्रश्न वेगळा.

मग हेरगिरी कुठून आली? ती आधीपासून होतीच. सॅम्युअल जॉन्सननं 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात या शब्दाचा एक अर्थ दिला, तो दूरच्या किंवा गुप्त गोष्टींचा वृत्तांत असा. दूरचं आणि गुप्त, दोन्ही एकाच घरात. ब्रिटन रशियाशी लढला त्या क्रिमियाच्या युद्धात (1853-56) त्यांचं भांडण जुंपलं. 'टाइम्स'चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल आघाडीवरून सैन्याचे हाल आणि हालचाली कळवत होता. लंडनमध्ये त्या छापून येत. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन चिडले. रशियाच्या झारनं पगार देऊन ठेवलेल्या हेरानंसुद्धा याहून अधिक काय केलं असतं, असा त्यांच्या तक्रारीचा रोख होता. माझ्या मते तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पण सैनिकांचे हाल लोकांना कळले तेही याच पत्रांमुळे.

पुढे 1873 मध्ये ब्रिटिश युद्धखात्यानं 'इंटेलिजन्स ब्रँच' काढली. 'टाइम्स'मधलं ते बढत्या-बदल्यांचं सदर मात्र त्यानंतरही त्याच मथळ्याखाली छापून येत होतं.