पीपीई किट उतरवल्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

कोविड वॉर्डात काम केलेल्यांना विचारा, किट चढवण्यापेक्षा उतरवण्याची धास्ती जास्त असायची. आणि ती रास्तच होती. किटची बाहेरची बाजू दूषित, आत अंग घामानं निथळतंय, गॉगलवर वाफ, सहा तास पाण्याचा थेंब नाही. नेमक्या याच अवस्थेत एकेक पायरी न चुकता करायची. वरचे हातमोजे, मग गाऊन, मग गॉगल, आणि खोलीच्या बाहेर आल्यावर सगळ्यात शेवटी एन-95 मास्क. प्रत्येक पायरीनंतर हात स्वच्छ. घाईत मास्क आधी निघाला, किंवा हात चुकून गालाला लागला, की पुढचे पाच-सात दिवस डोक्यात तेवढंच. घसा जरा खवखवला तरी पोटात गोळा.

आजचं बोलणं आहे ते या पाच-सात दिवसांबद्दल आणि त्यांच्यामागून येणाऱ्या महिन्यांबद्दल.

साथीच्या जवळ असलेली माणसं म्हटलं की डॉक्टर डोळ्यांसमोर येतात. पण जवळ होत्या सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी, स्वॅब घेणारे टेक्निशियन, अँब्युलन्सचे चालक, स्मशानभूमीतले कर्मचारी, ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलेल्या आशाताई. आणि प्रत्येक घरातली ती एक व्यक्ती, जी 14 दिवस बंद दारासमोर ताट ठेवून मागे सरकत होती.

2020च्या सुरुवातीला चीनमधल्या 34 रुग्णालयांतल्या 1257 डॉक्टर-परिचारिकांची पाहणी झाली, त्यात बरेचसे वुहानमधले होते. निम्म्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली, 44.6 टक्क्यांमध्ये चिंतेची, 34 टक्क्यांना झोपेची तक्रार होती. आकडे ऐकून दचकायला होतं, म्हणून एक खुलासा. हे आकडे प्रश्नावलीतून आलेले आहेत. लक्षणं असणं वेगळं आणि आजार असणं वेगळं. आगीजवळ उभं राहिलं की चटका बसतोच. बहुतेकांची झोप आणि भूक काही आठवड्यांत पूर्वपदावर येते. प्रश्न उरतो तो ज्यांची येत नाही त्यांचा.

त्याचा चांगला अभ्यास कॅनडात झालेला आहे. 2003मध्ये टोरांटोत सार्सची, म्हणजे कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या आजाराची, साथ आली. जगभरात सार्सचे सुमारे 8,100 रुग्ण नोंदले गेले आणि त्यात साधारण दर पाचवा रुग्ण आरोग्य कर्मचारी होता. साथ संपल्यावर 13 ते 26 महिन्यांनी तिथल्या संशोधकांनी दोन गटांची तुलना केली. एक, सार्सचे रुग्ण सांभाळलेल्या टोरांटोच्या रुग्णालयांतले कर्मचारी. दुसरा, जवळच्याच हॅमिल्टन शहरातले, जिथल्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण सांभाळले नव्हते. पहिल्या गटात थकून जाणं, मन विटणं, जुन्या प्रसंगांनी छळणं हे तेव्हाही जास्त होतं. काहींनी रुग्णांशी थेट संबंध येणारं काम कमी करून घेतलं होतं. मात्र ज्यांना आपलं प्रशिक्षण पुरेसं होतं, संरक्षण मिळालं होतं आणि वरिष्ठ पाठीशी होते असं वाटत होतं, त्यांना त्रास कमी होता.

म्हणूनच आमचं मत जरा तिखट आहे. कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचं शिबिर ठेवण्याआधी ड्युटीचा तक्ता बघा. किटमधली पाळी सहा तासांची ठरलेली असताना ती आठ तासांवर का जाते? बदली माणूस आलेला नसतो म्हणून. पाणी का पीत नाहीत? स्वच्छतागृहाला जायचं तर किट उतरवावं लागतं आणि दुसरं किट मिळेलच याची खात्री नसते म्हणून. मासिक पाळी चालू असलेल्या बायकांचे यात काय हाल होतात, हे तक्ता करणाऱ्याच्या गावीही नसतं. नव्या माणसाला एकट्याला आयसीयूत सोडू नका, जुन्याबरोबर जोडी लावा. जोडीदारानं पाळीच्या शेवटी दोनच गोष्टी विचारायच्या: जेवलीस का, आणि आज कुठल्या पेशंटचं मनाला लागलं? जास्त मृत्यू होणाऱ्या वॉर्डातून माणसं ठरावीक काळानं बाहेर काढून हलक्या कामावर लावा. नातेवाइकांना वाईट बातमी कळवण्याचं काम रोज एकाच ज्युनिअर डॉक्टरच्या गळ्यात टाकू नका. आणि पगार तारखेला करा.

आशाताईंचं उदाहरण तर ढळढळीत आहे. जून 2021मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला, तो मानधनासाठी. पुढच्याच वर्षी, मे 2022मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. टाळ्या आणि मानधन, दोन्हींच्या तारखा पाहिल्या की थकवा कुठून येतो ते कळतं.

एक चूक चांगल्या हेतूनं होते. वॉर्डात वाईट प्रसंग घडला की लगेच सगळ्यांना गोळा करून 'काय काय पाहिलंत ते मोकळेपणानं सांगा' अशी सक्तीची बैठक घेतात. अशा एकाच बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. त्यापेक्षा मानसिक प्रथमोपचाराची साधी रीत बरी: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण कोपऱ्यात बसलंय ते पाहा. बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर खोदून विचारू नका. आणि मग त्याला लागेल त्या मदतीशी जोडून द्या. ती मदत कधी समुपदेशक असते, कधी घरी म्हातारीला औषधं पोचवणारा माणूस असतो.

आता झोप. नाइट ड्युटी असेल तर निघण्याआधी दीड तास झोप काढा. ड्युटी संपण्याआधीचे पाच-सहा तास चहा-कॉफी बंद. सकाळी घरी जाताना काळा चष्मा लावा, कारण सकाळचं ऊन मेंदूला 'उठ' म्हणतं. खोलीत पूर्ण अंधार हवा. साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही तर कुशी बदलत पडून राहू नका. उठून दुसरीकडे बसा, डोळे जड झाले की परत या. मोबाइल मात्र हातात नको. झोपेसाठी अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मनानं सुरू करू नका. वॉर्डात त्या सहज हाताशी असतात, हाच धोका आहे. अशा गोळ्यांची सवय काही आठवड्यांतही लागू शकते, आणि बरेच दिवस घेऊन अचानक बंद केल्या तर झटकेसुद्धा येऊ शकतात. दारूचंही तसंच. डोळा पटकन लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते.

किट उतरवण्याच्या खोलीत जी सवय जीव वाचवते, ती घरी नेली की त्रास होतो. हात 20 सेकंद धुणं पुरेसं आहे. धुऊनही 'नीट धुतले का?' म्हणून चार-चारदा नळाशी जाणं, कातडी सोलवटेपर्यंत साबण लावणं, मुलानं दप्तर खाली ठेवलं तरी ओरडणं, ही स्वच्छतेची हद्द ओलांडल्याची खूण आहे. मग एकदाच धुवायचे, टॉवेलला पुसायचे, आणि पुन्हा धुण्याची ऊर्मी आली तर दहा मिनिटं थांबायचं. ती ऊर्मी चढते आणि आपोआप उतरतेही. घरच्यांनी 'हो, धुतलेस, स्वच्छ आहेत' अशी खात्री पुन्हापुन्हा देऊ नये. त्यानं घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी घट्ट होते. एवढं करून जमत नसेल तर उपचार घ्यावेत, यावर ते चांगले आहेत.

घरात विलग राहिलेल्यांची गोष्ट निराळी. हातावरचा तो शिक्का, सोसायटीच्या फाटकावर चिकटवलेला कागद, जिन्याला ठोकलेले पत्रे आठवतात ना? टोरांटोतच सार्सच्या वेळी विलग राहिलेल्या 129 जणांना प्रश्नावली दिली होती. 28.9 टक्क्यांत आघातोत्तर ताणाची, म्हणजे वाईट प्रसंगाच्या आठवणी नंतरही छळत राहण्याची, लक्षणं होती, 31.2 टक्क्यांत नैराश्याची. जितके दिवस जास्त, तितका त्रास जास्त. तेव्हा विलगीकरण नक्की किती दिवसांचं आणि का, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं आणि नंतर मुदत वाढवत बसू नये. शेजाऱ्यांनी दूध-भाजी दाराशी ठेवून फोन करावा. 'काही लागलं तर सांगा' असं म्हटलं की कुणीच काही सांगत नाही. 'उद्या सकाळी दूध आणि औषध आणतोय, चिठ्ठी पाठवा' असं म्हणावं.

रुग्ण बरा होऊन घरी आल्यावर घरच्यांची खरी परीक्षा सुरू होते. ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांना कोविडमध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं जायचं, साधारणपणे रोज 6 मिलिग्रॅम, 10 दिवसांपर्यंत. स्टिरॉइडनं झोप उडते, चिडचिड होते, काहींना उगीच उत्साह चढतो, तर काहींना बंद केल्यावर उदास वाटतं. घरच्यांना वाटतं माणूस बदलला. आयसीयूत राहिलेल्यांना तर भ्रम होऊन गेलेला असतो. चेहरे न दिसणारी पांढऱ्या किटमधली माणसं आपल्याला बांधून ठेवतायत, मारायला आली आहेत, अशा आठवणी घेऊन ते परततात. त्या खोट्या असल्या तरी भीती खरी असते. 'असं काही झालंच नव्हतं' म्हणून उडवून लावू नका. तारखांप्रमाणे सांगा: या दिवशी मशीन लावलं, या दिवशी नळी काढली, हात बांधले होते ते नळी ओढू नये म्हणून. रुग्ण दाखल असतानाच घरच्यांनी किंवा सिस्टरनी वहीत रोज दोन ओळी लिहून ठेवल्या तर पुढे फार उपयोग होतो. युरोपातल्या काही देशांत आयसीयूमध्ये अशा वह्या ठेवतात.

आणि ज्यांचं माणूस परत आलंच नाही? इथं एक सल आहे, आणि तो नियमांमुळे कमी, नियम न वाचल्यामुळे जास्त आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 15 मार्च 2020लाच मृतदेहाबाबत सूचना काढल्या होत्या. मृतदेहाला आंघोळ घालणं, मिठी मारणं यांना मनाई होती. पण कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेन उघडावी आणि नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ द्यावं, हे त्यात होतं. स्पर्श न करता मंत्र म्हणणं, पाणी शिंपडणं चालणार होतं. राखेपासून धोका नाही, अस्थी गोळा करता येतील, हेही होतं. प्रत्यक्षात कित्येकांना लांबून एक गुंडाळलेली पिशवी दिसली. चेहरा न पाहिल्यामुळे 'दुसऱ्याचाच असेल' ही शंका मनात घर करून राहते. पुढच्या साथीत हा कागद प्रत्येक शवागाराच्या दारावर लावलेला असावा. जे राहून गेलं ते आजही करता येतं. वर्षश्राद्धाला माणसं बोलवा, फोटो लावा, शेवटच्या दिवशी काय बोलायचं होतं ते मोठ्यानं वाचा. सहा महिने उलटले आणि तरीही रोजच ती ओढ तितकीच तीव्र असेल, कामधंदा आणि माणसं सुटत चालली असतील, तर ते दीर्घ शोकाचं दुखणं आहे आणि त्याला उपचार आहे.

इतरांनी डॉक्टरकडे कधी जायचं? घरी दोन प्रश्न विचारून पाहा. गेल्या दोन आठवड्यांत, नेहमीच्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं? मन उदास किंवा निराश किती वेळा होतं? कधीच नाही म्हणजे शून्य, काही दिवस म्हणजे 1, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे 2, जवळजवळ रोज म्हणजे 3. दोन्हींची बेरीज 3 किंवा जास्त आली तर तपासून घ्या. तीच ती दृश्यं डोळ्यांसमोर येणं, ॲम्ब्युलन्सच्या आवाजानं छाती धडधडणं, रुग्णालयाचा रस्ताच टाळणं, हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं तरीही जा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून मनानं थांबवूही नका.

कुणी 'आता नको वाटतं जगणं' असं म्हणालं, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्यानं ती कल्पना डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, गोळ्या, कीटकनाशक हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे. क्रमांक 14416. फोन फुकट, दिवसरात्र सुरू, मराठीतून बोलता येतं. सुरुवात कशी करायची ते सुचलं नाही, तर 'झोप लागत नाही' एवढंच सांगा. पुढचे प्रश्न ते विचारतात.

नमस्कार.