चौतिसावा रेफरन्स

स्क्रीनवर जे दिसतंय ना, ते एका मेडिकल पेपरचं शेवटचं पान आहे. रात्रीचे दोन वाजलेत, डेटा झाला, टेबलं झाली, डिस्कशनसुद्धा कसंबसं झालं आणि आता राहिलेत फक्त रेफरन्सेस, म्हणजे ज्या पेपर्सचा आधार घेतला त्यांची यादी. आता हे ‘फक्त’ जो म्हणतो त्याने आयुष्यात एकही मॅन्युस्क्रिप्ट सबमिट केलेली नाही असं खुशाल समजा.

रिव्ह्यूअर म्हणाला, इंट्रोडक्शनमध्ये अजून एक स्टडी टाका. टाकली. नंबर मजकुरात येण्याच्या क्रमाने लागतात, म्हणून ती झाली पाच नंबर. मग जुना पाच झाला सहा, सहाचा सात, असं करत करत खाली पार चाळीसपर्यंत सगळे एकेक घर सरकणार, आणि ज्याने आकडे हाताने टाईप केलेत तो बसणार शोधत. बरं, एकच पेपर तीन ठिकाणी वापरला असेल तर तिन्हीकडे तोच आकडा, नवीन द्यायचा नाही. आणि जो रेफरन्स फक्त टेबलमध्येच आहे त्याचं काय? तर मजकुरात त्या टेबलचा उल्लेख पहिल्यांदा जिथे येतो तिथला नंबर त्याला मिळतो, टेबल कुठल्या पानावर छापलंय याच्याशी काही घेणंदेणं नाही. हे बऱ्याच जणांना पेपर परत आल्यावरच कळतं.

तरी आपण सुखी आहोत. १९७८ च्या आधी दर जर्नलची तऱ्हा वेगळी होती, म्हणजे एकाने पेपर नाकारला की दुसरीकडे पाठवायला यादी पुन्हा टाईप करा, आणि तीही टाईपरायटरवर. त्या वर्षी जानेवारीत कॅनडातल्या व्हँकुव्हरला काही मेडिकल जर्नल्सचे संपादक एकत्र बसले आणि मॅन्युस्क्रिप्ट कशी असावी याचे नियम ठरवले, रेफरन्सचा साचा दिला अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने, आणि १९७९ मध्ये ते सगळं छापून आलं. गाव व्हँकुव्हर म्हणून स्टाईल व्हँकुव्हर. तोच ग्रुप आज आयसीएमजेई, म्हणजे मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणून ओळखला जातो.

आता एक रेफरन्स जवळून बघू. आपल्या यादीतला चौतिसावा.

पोर्टर जे, जिक एच. ॲडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स. एन इंग्ल जे मेड. १९८० जाने १०;३०२(२):१२३.

आधी आडनाव, मग नावाचं पहिलं अक्षर, त्याच्यापुढे टिंब नाही. दोन लेखकांमध्ये नुसता स्वल्पविराम, ‘आणि’ नाही. टायटलमध्ये फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. जर्नलचं नाव, इथे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, छोटं करून, पण ते आपल्या मनाने छोटं करायचं नाही, त्याच नॅशनल लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये ठरलेलं असतं तेच घ्यायचं, आणि लॅन्सेटसारखं एकाच शब्दाचं नाव असेल तर ते तसंच ठेवायचं. मग तारीख, अर्धविराम, लगेच व्हॉल्यूम, मध्ये स्पेस नाही, कंसात इश्यू, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पान. पानं २८४ ते २८७ असतील तर २८४-७ लिहायचं. पण हाच पेपर एएमए, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या स्टाईलवाल्या जर्नलला पाठवायचा म्हटलं की २८४-२८७ पूर्ण लिहा. लेखकांचंही तसंच, सातजण असले तर इकडे पहिले सहा आणि मग एट अल, म्हणजे ‘आणि इतर’, तिकडे पहिले तीनच आणि एट अल. मजकुरातला आकडा कंसात की वर चिमुकला, पूर्णविरामाच्या आधी की नंतर, तेही जर्नल सांगेल तसं. का असं विचारू नका, इन्स्ट्रक्शन्स टू ऑथर्स उघडा आणि मुकाट्याने करा.

मग सॉफ्टवेअर कशाला आहे, असं कोणीतरी म्हणणारच. झोटेरो, एंडनोट, मेंडेली, जे आवडतं ते वापरा, नंबर सरकवायचं काम ते चुटकीसरशी करतं, त्याबद्दल साष्टांग नमस्कार. पण त्याच्या पोटात जे टाकाल तेच बाहेर येणार. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचा रिपोर्ट इम्पोर्ट करताना लेखकाच्या रकान्यात संस्था म्हणून न जाता माणूस म्हणून गेला, की यादीत छापून येतं ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’. जणू ऑर्गनायझेशन आडनावाचे कोणी गृहस्थ आहेत. हसू येतं, पण हे छापूनसुद्धा येतं.

याहून भारी गंमत आहे. एका मोठ्या प्रकाशकाच्या टेंप्लेटमध्ये, रेफरन्स कसा लिहावा हे दाखवायला एक नमुना दिलेला होता, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा, साल २००० चा. तो लेखही नाही आणि ते जर्नलही नाही, सगळं बनावट. तर हा नसलेला लेख जवळपास ४०० पेपर्सच्या यादीत सापडला. टेंप्लेटमधून पुसायचा राहिला, दुसरं काय! आणि सिम्किन आणि रॉयचौधरी या दोघा संशोधकांनी २००३ मध्ये वेगळीच युक्ती केली, एका गाजलेल्या पेपरच्या रेफरन्समधल्या चुका मोजल्या, व्हॉल्यूमचा आकडा चुकलाय, पान चुकलंय, आणि तीच चूक जशीच्या तशी पुढच्या किती याद्यांमध्ये उतरलीये ते पाहिलं. त्यावरून त्यांचा अंदाज, मूळ पेपर वाचून साईट करणारे, म्हणजे त्याचा रेफरन्स देणारे, साधारण २० टक्केच. बाकीचे दुसऱ्याच्या यादीतून उचलतात, अगदी वहीतलं गणित उतरवताना चुकीचं उत्तरही उतरवावं तसं.

आता परत चौतिसाव्याकडे. याचं टिंब न् टिंब बरोबर आहे. कॉपी एडिटर याला हात लावणार नाही.

पण हा पेपरच नाही. हे संपादकांना लिहिलेलं पत्र आहे, जेमतेम पाच वाक्यांचं. त्यात एवढंच म्हटलंय की हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असताना ज्या ११,८८२ पेशंट्सना नार्कोटिक, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक औषध दिलं गेलं, त्यांच्यात आधी व्यसन नसताना ते लागल्याच्या चारच केसेस नीट नोंदलेल्या सापडल्या. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये काही संशोधकांनी हिशोब मांडला, की हे पत्र ६०८ वेळा साईट झालं, त्यातल्या ४३९ लेखांनी ते ‘ओपिऑइड्सचं (म्हणजे याच औषधांचं) व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं, आणि पेशंट ॲडमिट होते ही गोष्ट ४९१ लेखांनी सांगितलीच नाही. व्हॉल्यूम ३०२, पान १२३, पत्ता सगळ्यांकडे होता. उघडून बघायला मिनिटं लागली असती दोन.

आपण उघडू. जर्नलची साईट, सर्चमध्ये टायटल, एंटर. हे आलं पत्र. पण पत्राच्या आधी डोळ्यांत भरते ती संपादकांनी २०१७ मध्ये लावलेली सूचना, की सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने वाचकांनी ध्यानात घ्यावं, हे पत्र मोठ्या प्रमाणावर आणि तपासून न बघता साईट केलं गेलंय. त्याखाली ती पाच वाक्यं, अजून तशीच.