नाकातले बोळे : कोणते सोसवतात, कोणते नाही

(दृश्य : सोलापूर, मे महिन्यातली दुपार. वॉर्डाच्या खिडकीला ओलं फडकं.)

बाहेर पारा चाळिशीच्या पुढे. पंखा फुल्ल आहे, तरी मंगळवेढ्याकडच्या या काकांचं तोंड कोरडं पडलंय. काल नाकातला वाकडा पडदा सरळ केला. आज दोन्ही नाकपुड्या बोळ्यांनी बंद, श्वास सगळा तोंडानं. पाण्याचा घोट गिळला की कानात दडे बसतात. नाक बंद असताना गिळलं की नाकामागचा दाब बदलतो आणि कान आत ओढले जातात. "ऑपरेशनचं काय वाटलं नाही बघा," काका गेंगाण्या आवाजात म्हणतात, "ह्या बोळ्यांनीच जीव खाल्ला."

हे बोळे म्हणजे नेझल पॅक. रक्त थांबावं आणि पडद्यावरची उचललेली अस्तरं परत जागेवर चिकटावीत, म्हणून ते घालतात.

(दृश्य : ट्रेमध्ये गॉजची पट्टी, चिमटा.)

सगळ्यात जुनी आणि स्वस्त रिबन गॉज. अर्धा-एक इंच रुंदीची लांबलचक पट्टी लिक्विड पॅराफिनमध्ये किंवा मलमात भिजवायची आणि चिमट्यानं तळापासून घडीवर घडी रचत न्यायची. हवा तिथं हवा तेवढा दाब देता येतो, म्हणून जोराच्या रक्तस्रावात ती आजही कामाला येते. चादरी-टॉवेलच्या या गावात टॉवेल जितका पाणी पितो तितका भारी. नाकात मात्र तेच नडतं. विरळ विणीत रक्त शिरून वाळतं आणि पट्टी ओढताना खपली सोबत येते.

मेरोसेल हा पॉलिव्हिनाइलचा स्पंज. पाकिटातून निघतो तेव्हा चपटा आणि कडक. नाकात सरकवून वर सलाइन सोडलं की बघता बघता फुगतो. घालायला सोपा. त्याचा दोरा गालावर चिकटपट्टीनं लावतात, म्हणजे बोळा घशात सरकत नाही. पण त्याची बारीक छिद्रंही जखमेला धरून बसतात. त्यावर डॉक्टरांचा एक देशी वाटावा असा उपाय आहे : निर्जंतुक हातमोज्याचं बोट कापायचं, मेरोसेल त्यात घालायचा आणि मग नाकात ठेवायचा. रबर चिकटत नाही. नुसता मेरोसेल आणि हा मोज्यातला, यांची तुलना झालीय. काढताना मोज्यातला कमी दुखतो. खर्च जवळपास शून्य. रबराची अ‍ॅलर्जी मात्र आधी विचारायला हवी.

नेझोपोरसारखे पॅक काढावेच लागत नाहीत. काही दिवसांत ते मऊ पडून तुटतात आणि सलाइननं नाक धुताना निघून जातात. सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात ते सोयीचे. महाग आहेत आणि जोराचं रक्त दाबून धरायला अपुरे. बुळबुळीत तुकडे बाहेर पडले की घरचे घाबरतात, एवढं आधी सांगितलेलं बरं.

आणि बोळाच नको म्हटलं तर? पडद्याच्या ऑपरेशनात विरघळणाऱ्या धाग्यानं पडद्यातून आरपार टाके घालतात. अभ्यासांत रक्तस्राव साधारण तेवढाच दिसला, दुखणं कमी. म्हणून आम्हाला विचाराल, तर पडद्याच्या प्रत्येक पेशंटला सरसकट बोळे घालणं ही बरीचशी जुनी सवय आहे. ऑपरेशनआधीच विचारावं : टाक्यांवर भागेल का? नाहीतर काय घालणार, ते काढावं लागेल का? झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही तेव्हाच सांगावं.

(दृश्य : एसटी स्टँड, संध्याकाळ.)

साधारण २४ ते ४८ तासांत बोळे काढतात. ते नाकात ठेवूनच कुणी अक्कलकोटला किंवा विजयपूरला घरी गेलं आणि ताप, उलट्या, अंगावर लाल पुरळ, चक्कर असं काही सुरू झालं, तर सकाळची वाट बघू नये. जंतूंच्या विषामुळे होणारा टॉक्सिक शॉक क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो.

काढायच्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नका, घेरी येते. दुखण्याची गोळी आधी घ्यायची का, ते विचारून ठेवा. बोळ्यावर सलाइन सोडून काही मिनिटं थांबायला सांगा. कोरडा बोळा ओढू देऊ नका. नंतर थोडं रक्त येईल, ते थांबेल. डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच, तर तोंड उघडून द्यायची.