अठ्ठाविसावी जागा

[दृश्य: सेंट पॉल, युनियन डेपो स्टेशन. ग्रीन लाइनची गाडी फलाटाला लागते.]

ही ग्रीन लाइन. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराच्या या टोकाहून निघते आणि पाऊण तासात मिनियापोलिसला, थेट टार्गेट फील्डच्या दारात नेऊन सोडते. अंतर जेमतेम १८ किलोमीटर. अलीकडच्या टोकाला सीएचएस फील्ड, सात हजार खुर्च्यांचं, ट्रिपल-ए बेसबॉलचं मैदान. ट्रिपल-ए म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या एक पायरी खालची लीग. पलीकडे साडेअडतीस हजारांचं टार्गेट फील्ड, मेजर लीगमधल्या मिनेसोटा ट्विन्सचं घर. सेंट पॉल सेंट्स हा २०२१ पासून ट्विन्सच्याच हाताखालचा संघ. इतर बऱ्याच क्लबांचे हे दोन संघ वेगवेगळ्या राज्यांत असतात. इथे लोकलचं तिकीट काढलं की झालं.

खेळाडूला मात्र तिकीट काढून जाता येत नाही. त्याला बोलावणं यावं लागतं.

[दृश्य: सीएचएस फील्ड. दोन इनिंगच्या मध्ये डुकराचं पिल्लू अंपायरकडे चेंडू घेऊन जातंय. मूळ आवाज: प्रेक्षकांचा हशा.]

हे सेंट्सचं डुक्कर. दर मोसमात नवं, आणि त्याचं काम अंपायरला चेंडू पोचवणं. पोरं याच्यासाठी येतात, त्यांच्यामागून आईबाप येतात. मैदानावर काय चाललंय याकडे निम्म्या लोकांचं लक्ष नाही, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. ट्रिपल-एमध्ये कोण जिंकलं हे आठवड्यानंतर कोणाच्या लक्षात राहत नाही.

[दृश्य: जवळून. फलंदाजाचे हात, बॅटच्या मुठीवरचा काळा चिकट राळेचा थर.]

हे हात बघा. सप्टेंबर महिना, मोसमातला सव्वाशेवा सामना उलटून गेलाय. तळव्यांना घट्टे, अंगठ्याला पट्टी. आता पुढचा चेंडू. पंच म्हणतात स्ट्राइक, म्हणजे चेंडू खेळण्याजोगा होता. फलंदाज हेल्मेटवर दोनदा टपली मारतो. म्हणजे निर्णय मान्य नाही, यंत्राला विचारा. मोठ्या पडद्यावर चौकट येते, चेंडूची रेघ येते. रेघ चौकटीला चाटून गेलीय. स्ट्राइकच. तो काही बोलत नाही, पुन्हा पाय रोवतो.

मोसमाचा शेवट कोणासाठी सगळ्यात महत्त्वाचा, असा प्रश्न निघाला की टीव्हीवर नावं येतात ती कोट्यधीशांची. पीट अलोन्सोचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला सात वर्षांचे १५ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले, त्याने नाही म्हटलं. पुढचा मोसम बेताचा गेला आणि हातात पडला फक्त दोन वर्षांचा करार. मग २०२५ मध्ये ३८ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, ठोकले आणि बाल्टिमोरकडून पाच वर्षांचे साडेपंधरा कोटी घेतले. चांगली गोष्ट आहे, आनंद आहे. पण यातला कुठलाही शेवट कसाही झाला असता, तरी अलोन्सोच्या घरी चूल पेटलीच असती.

आमचा कॅमेरा म्हणून इथे आहे, अलीकडच्या टोकाला.

[दृश्य: सेंट्सचा डगआउट, खेळाडूंची बसायची जागा. कठड्यावर टेकलेले खेळाडू.]

हिशेब समजून घ्या, कारण इथून पुढचं सगळं त्यावर आहे. क्लबच्या ४० जणांच्या यादीत, म्हणजे ज्यांना वर बोलावता येतं त्यांच्यात, ज्याचं नाव नाही, अशा ट्रिपल-ए खेळाडूला २०२३ च्या करारानुसार वर्षाला किमान ३५,८०० डॉलर. वरच्या संघात, म्हणजे मेजर लीगमध्ये, २०२५ चा किमान पगार ७ लाख ६० हजार. तोही दिवसाच्या हिशेबाने मिळतो. जितके दिवस वर, तितक्या दिवसांचे. दिवसाला चार हजार डॉलरच्या वर पडतात.

आणि पगारापेक्षा मोठा असतो तो दिवसच. वरच्या संघातला प्रत्येक दिवस खेळाडूच्या खात्यावर चढतो. मोसम असतो साधारण १८६-१८७ दिवसांचा, त्यातले १७२ भरले की एक वर्ष धरतात. तीन वर्षं झाली की लवादासमोर पगार मागता येतो. सहा झाली की तो मोकळा, हव्या त्या क्लबशी बोलू शकतो. तोवर क्लब ठेवील तसं राहायचं.

[दृश्य: स्कोअरबोर्डवरचं घड्याळ. रिकामा बुलपेन.]

हे १७२ चं गणित क्लबांनाही तोंडपाठ असतं. २०१५ मध्ये शिकागो कब्सच्या क्रिस ब्रायंटने सरावसामन्यांत ९ होमरन मारले, तरी मोसम सुरू होताना त्याला खाली पाठवलं. १७ एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर खात्यावर दिवस किती? १७१. एक दिवस कमी, म्हणून मोकळं व्हायला एक वर्ष जास्त. त्या साली तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये निकाल लागला, क्लब जिंकला. नियमात बसतं ना? बसतं.

आता सप्टेंबर. २०१९ पर्यंत १ सप्टेंबर उजाडला की वरचा संघ ४० जणांपर्यंत वाढवता यायचा. वर्षभर खाली घाम गाळलेल्या पोराला निदान महिनाभर वरचा डगआउट बघायला मिळायचा. २०१० मध्ये जॉन लिंडसी असाच आला. सोळा मोसम मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या लीगांत काढून, वयाच्या ३३ व्या वर्षी, लॉस एंजेलिस डॉजर्सकडून. १२ वेळा बॅट धरली आणि एक हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, मिळाली. ती एक कोणी काढून घेऊ शकत नाही. २०२० पासून ही संख्या २८ वर आणली. एरवी २६, सप्टेंबरमध्ये दोन जास्त. त्यातही पिचर, म्हणजे गोलंदाज, १४ च्या वर नकोत. म्हणजे बहुतेक वेळा एक पिचर आणि एक फलंदाज. क्लबांचं म्हणणं होतं, इतके पिचर बदलल्याने सामने लांबतात. असतील लांबत.

[दृश्य: सीएचएस फील्ड, फलंदाजीचा सराव. पिंजऱ्यात एकामागून एक चेंडू.]

ड्रू मॅगी याच मैदानावर खेळला. २०२१ चा सप्टेंबर, तो सेंट्सकडे. मायनरमध्ये अकराएक वर्षं झालेली: २०१० ला पिट्सबर्गने घेतलेला, मग या क्लबातून त्या क्लबात. त्या महिन्यात फोन आला. ट्विन्सचा गणवेश अंगावर चढला. डगआउटात बसला. मैदानात काही उतरवलं नाही, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खाली. अशा खेळाडूंचं नाव संघाच्या कागदावर असतं, सामन्याच्या नोंदीत कुठेच नसतं.

पुढे २६ एप्रिल २०२३ ला, वयाच्या ३३ व्या वर्षी, ११५० हून जास्त मायनर सामने खेळून झाल्यावर पिट्सबर्गने त्याला बॅट घेऊन पाठवलं. अख्खं मैदान उभं राहून त्याचं नाव घेत होतं. तो स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये पहिली हिट मिळाली. लगेच पुन्हा मायनरला रवानगी.

[दृश्य: ग्रीन लाइनच्या खिडकीतून मिसिसिपी नदी. मग टार्गेट फील्ड. पावसाची सर, कर्मचारी मैदानावर ताडपत्री ओढतायत.]

नदी ओलांडून आता पलीकडच्या टोकाला. टार्गेट फील्डला छप्पर नाही. पाऊस आला की ताडपत्री.

२४ सप्टेंबर २०१४ ला ती अशीच पडली. फिल ह्यूझ गोलंदाजी करत होता. करारात लिहिलं होतं, मोसमात २१० इनिंग पुऱ्या केल्या तर ५ लाख डॉलरचा बोनस. आठ इनिंग झाल्या, हात ठणठणीत होता, ९६ चेंडू टाकले होते, अजून एकच फलंदाज बाद करायचा होता. तेवढ्यात सर आली. तासाभराहून जास्त खेळ थांबला आणि इतका वेळ थंड पडलेल्या हाताला कोणी परत पाठवत नाही. तीन बाद म्हणजे एक इनिंग, म्हणून हिशेब लागला २०९ आणि दोन तृतीयांश. ट्विन्स म्हणाले, शेवटच्या सामन्यांत थोडा वेळ टाक आणि भर. ह्यूझनेच नको म्हटलं. त्या साली त्याने १८६ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि भरकटलेल्या चेंडूंमुळे फुकट बेस दिले फक्त १६. दोघांचं असं प्रमाण तोवर कोणाला जमलं नव्हतं. डिसेंबरमध्ये क्लबने करार तीन वर्षांनी वाढवला, ४ कोटी २० लाखांनी.

क्लबचा हात नेहमीच इतका सैल नसतो. २०२४ मध्ये पिट्सबर्गने राउडी टेलेझला मोसम संपायला आठवडाभरही उरला नसताना सोडलं. तेव्हा तो २ लाखांच्या बोनसपासून चार फलंदाज्या दूर होता. बोनसचा काही संबंध नाही, असं क्लबने सांगितलं.

[दृश्य: टार्गेट फील्ड. सामना सुरू, वरच्या मजल्यावर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा.]

२०२५ चा हा सप्टेंबर बघा. जुलैअखेर ट्विन्सनी दहा खेळाडू दुसऱ्या क्लबांना देऊन टाकले. कार्लोस कोरेया ह्यूस्टनला, होआन दुरान फिलाडेल्फियाला, ग्रिफिन जॅक्स टँपाला. प्रेक्षक वैतागले, ते या खुर्च्यांवरून दिसतंच आहे. पण दहा माणसं गेली म्हणजे दहा जागा झाल्या. सेंट पॉलमधून पोरं भराभर वर आली. संघासाठी हा महिना कधीच संपला होता, या पोरांसाठी तो आत्ता सुरू झालाय. गुणतक्त्यात काही उरलेलं नसताना शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, असा चेंडूवर झेपावतो, पूर्ण अंग मातीत टाकून, ते कशासाठी हे आता सांगायला नको.

काही जणांना मात्र दहा जागा होऊनही जागा झाली नाही. होसे मिरांडाने जुलै २०२४ मध्ये ट्विन्ससाठी सलग १२ हिट मारल्या. इतक्या सलग हिट मेजर लीगच्या इतिहासात कोणीच ओलांडलेल्या नाहीत. पुढच्याच एप्रिलमध्ये फॉर्म गेला, सेंट पॉलला पाठवलं. तिथे दुकानात पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घसरलं, ते धरायला गेला आणि हात दुखावून बसला. बाकीचा मोसम त्याला वर यायला मिळालं नाही.

[दृश्य: सामना संपल्यावर डगआउट. खेळाडू बॅगा भरतायत.]

आणखी एक आकडा इथे प्रत्येकाला पाठ असतो: ४३. वरच्या संघात ४३ दिवस भरले की म्हातारपणी पेन्शन लागू होते. १९८० पर्यंत त्याला चार वर्षं लागायची, म्हणून त्या काळातले कित्येक जण कोरडेच राहिले. आता ४३. पण सप्टेंबरचे दिवस तीसच असतात, म्हणजे फक्त शेवटचा महिना मिळाला तरी निदान १३ दिवस कमीच. ते पुढच्या वर्षी कुठून तरी आणायचे. पुढचं वर्ष मिळायचं तर हा महिना चांगला जायला हवा. आणि हा महिना मिळायचा तर २८ मध्ये नाव हवं.

ट्विन्सचा मोसम ७० विजय आणि ९२ पराभवांवर संपला. मॅनेजर रोको बाल्डेलींना काढलं. मिरांडा क्लबमधून बाहेर पडला.

[दृश्य: टार्गेट फील्डचं प्रवेशद्वार, रात्री. त्यावर नामावली.]

क्लब आणि मेजर लीगच्या खेळाडूंमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगार, दिवस, २८ ची मर्यादा, सगळ्यावर पुन्हा बोलणी होतील. मालक पगारावर कमाल मर्यादा मागणार, हे आताच कानावर येतंय. सप्टेंबरच्या ४० जागांचा विषय कोणी काढतंय का, ते बघायचं.