रेशमाला सुताची इस्त्री

श्रोतेहो, नमस्कार. लग्नसराई जवळ आली की माझ्या पार्लरमध्ये आया पोरींना घेऊन येतात. तक्रार ठरलेली : "बघा ना ताई, ते केस सरळ करायचं स्ट्रेटनर मशीन फिरवून फिरवून हिचे केस वाढायचेच थांबले!"

थांबत नाहीत हो. केस वाढतो टाळूच्या कातडीखाली, मुळाशी. महिन्याला साधारण १ सेंटीमीटर. बाहेर दिसतो तो निर्जीव धागा. टाळू भाजली नाही, तर मशीनची आच मुळाला लागत नाही. मग लांबी का दिसत नाही? वरून वाढतो तेवढाच खालून तुटतो, म्हणून. कंगव्यातला केस उजेडात धरून बघा. टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो मुळातून गळलेला. असे रोज ५० ते १०० जातातच. टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी तर मूठमूठभर. त्याचं खापर मशीनवर नको. ठिपका नसलेले आखूड तुकडे दिसले, तर मात्र मशीनकडेच बोट दाखवा.

आपण सोलापूरकर, धाग्याचं आपल्याला कुणी शिकवायला नको. सुती चादरीची कडक इस्त्री रेशमी पदरावर कुणी फिरवेल का? आणि केस तर रेशमासारखाच प्रथिनाचा धागा. सुती कपड्याला २०० अंशांची इस्त्री पुरते; काही स्ट्रेटनर २३० पर्यंत तापतात! केसावरचे खवले त्यानं तडकतात, आतला गाभा उघडा पडतो.

ओल्या केसावर तर मशीन लावूच नका. धाकट्या बहिणीच्या हळदीला घाईघाईत मी लावलं होतं. चर्र आवाज आला. केसातल्या पाण्याची आतच वाफ होते, फुगे धरतात आणि केस तिथंच मोडतो. कपाळावरच्या माझ्या बटेचा खराटा झाला. सगळ्या फोटोंत तोच दिसतो.

ड्रायरला मात्र मी इतकी भीत नाही. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी पाहिलं, की १५ सेंटीमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला, तर त्रास बराच कमी. उलट आपल्याच गावचा तो जाड टर्किश टॉवेल! न्हाऊन आल्यावर त्यानं खसाखसा केस घासतात. टिपा, घासू नका.

आणि जळलेलं टोक कुठल्याच तेलानं सांधत नाही, कापावंच लागतं. "दोन बोटं कापूया," म्हटलं की आया माझ्याकडे अशा बघतात, जणू मी पोरीचं नाकच मागितलं.