मोठ्याने लावा: २०२४ मधल्या माझ्या आवडत्या पंक आणि गॅरेज रॉक रेकॉर्ड्स

(दृश्य: टेबलावर पांढरं कव्हर, दोन हात रेकॉर्ड बाहेर काढतायत)

कव्हरवर काही नाही बघा. नाव नाही, फोटो नाही, गाण्यांची यादी नाही. मधल्या पांढऱ्या लेबलवर तेवढं ‘नो नेम’. १९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशी नॅशव्हिल, डेट्रॉइट आणि लंडनच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्स ह्या रेकॉर्ड कंपनीच्या दुकानांत खरेदी करणाऱ्यांच्या पिशवीत ही रेकॉर्ड गुपचूप टाकून दिली, फुकट, काही न सांगता. माझी मावसबहीण तिकडे लंडनला शिकते, ती माझ्यासाठी टी-शर्ट घ्यायला गेली होती आणि घरी येऊन बघते तर पिशवीत ही. तिला वाटलं दुसऱ्या कोणाचा माल चुकून आपल्याकडे आला, परत द्यायला निघालीच होती, मी फोनवर ओरडलो, ताई हात लावू नकोस, आहे तशी कपाटात ठेव. दिवाळीला साड्यांच्या मध्ये घालून आणली तिने, एक ओरखडा नाही.

ही जॅक व्हाइटची रेकॉर्ड. व्हाइट स्ट्राइप्सवाला जॅक व्हाइट. १९९७ मध्ये डेट्रॉइटला दोनच माणसांनी सुरू केलेला बँड, हा गिटारवर, मेग व्हाइट ड्रमवर, बेस वाजवायला कोणीच नाही. २००३ चा त्यांचा ‘एलिफंट’ लंडनमधल्या टो रॅग नावाच्या छोट्याशा स्टुडिओत आठ ट्रॅकच्या टेप मशीनवर, कॉम्प्युटर न वापरता रेकॉर्ड झाला आणि त्यातल्या पहिल्या गाण्याची गिटारची ओळ आज जगभरातल्या फुटबॉल मैदानांवर हजारो लोक एका सुरात गातात. पुढे एकट्याने त्याने बरेच प्रयोग केले, २०२२ मध्ये तर दोन अल्बम काढले, मला सगळेच काही पटले नाहीत. ‘नो नेम’मध्ये मात्र सगळा पसारा बाजूला. गिटार, अँप, ड्रम, आणि गळ्याच्या शिरा ताणून गाणारा माणूस. दुकानाने स्वतःच लोकांना सांगितलं की ही कॉपी करा आणि वाटा, आणि लोकांनी वाटली. रीतसर बाजारात आली ती २ ऑगस्टला, तोपर्यंत दोन आठवडे ही रेकॉर्ड नुसती ह्या हातातून त्या हातात फिरत होती, आपण डबल डेकवर कॅसेटी भरून एकमेकांना द्यायचो ना, तसंच.

(दृश्य: गिरगावातली खोली, बाहेर पाऊस, खिडकीत वाळत घातलेली रेकॉर्ड. जवळून.)

आता हे नीट बघा, कारण हे मला कायम विचारतात. मुंबईच्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते आणि मग ती खाचांत उतरते. पांढरे ठिपके, हे असे. सुई त्यावरून गेली की तळणीत मोहरी पडल्यासारखा आवाज येतो. नळाचं पाणी वापरायचं नाही, त्यातले क्षार वाळल्यावर खाचेत बसतात. डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, मायक्रोफायबरचं कापड, आणि खाच ज्या दिशेने जाते त्याच दिशेने गोल गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्डने परत एकदा, आणि ताटांच्या रॅकमध्ये उभी करून वाळवायची. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातून निघतात त्याच. टर्नटेबलचा बेल्ट सैल पडला तर लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. जुना बेल्ट खिशात घालून न्यायचा आणि काउंटरवर ठेवायचा, तोंडी माप सांगायला जाल तर भलताच पदरात पडेल.

डेट्रॉइटचाच दुसरा बँड म्हणजे एमसी फाइव्ह. पंक, म्हणजे वेगवान, खरखरीत रॉक, हा शब्द संगीतासाठी रुळायच्या आधीपासून हे लोक पंक वाजवत होते. ऑक्टोबर १९६८ मध्ये डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये लाइव्ह रेकॉर्ड केलेला पहिला अल्बम, १९७१ मध्ये तिसरा, आणि मग काहीच नाही. ५३ वर्षं! मग १८ ऑक्टोबर २०२४ ला ‘हेवी लिफ्टिंग’ आला. गिटारवाला वेन क्रेमर फेब्रुवारीतच गेला होता, वय ७५. ड्रमर डेनिस थॉम्पसन, त्या जुन्या पाचांतला शेवटचा, दोन गाण्यांवर वाजवून मे महिन्यात गेला. अल्बम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

(दृश्य: वेन क्रेमरचा फोटो, रेकॉर्ड फिरतेय. इथे निवेदन नाही, गाणं चालू राहील.)

(दृश्य: साकीनाका, अरुंद गल्ली, लोखंडी जिना, शटर वर जातं)

हा गाळा. खाली पावडर कोटिंगचं वर्कशॉप, वर ही खोली. रविवारी वर्कशॉप बंद असतं म्हणून ह्या पोरांच्या बँडची रविवारीच प्रॅक्टिस, तासावर भाडं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, त्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही पण खोलीतला घुमणारा आवाज थोडा मरतो, खरं काम त्या मागच्या जुन्या गाद्या करतात. अँपवर स्टीलचा डबा, त्यात पिक, टेप, ड्रमची चावी, विझलेली अगरबत्ती. बेस वाजायला लागला की तो बल्ब बघा कसा हलतो. ड्रमवरचा मुलगा काठ्यांच्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळतो, काठ्या महाग पडतात आणि रिमवर आपटून आपटून त्यांच्या ढलप्या निघतात. दोन मिनिटांचं गाणं संपलं की तो मान वर करून विचारतो, “दादा, अजून एकदा घेऊ?” आणि कोणाच्या उत्तराची वाट न बघता चार मोजतो.

अमेरिकेत साठच्या दशकात घरोघरच्या गॅरेजमध्ये पोरांनी हेच केलं, गॅरेज रॉक हे नाव त्यावरूनच. आपल्याकडेही झालंय बरं का. इम्पीरियल टोबॅको कंपनी सिमला सिगरेटच्या नावाने बीट ग्रुप्सची स्पर्धा भरवायची, १९७० आणि ७१ मध्ये त्यांच्या दोन एलपी निघाल्या, ‘सिमला बीट’. देशभरातल्या पोरांचे बँड. आज परदेशातले गॅरेज रॉकवाले त्या एलपी शोधत फिरतात, आणि मी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला इतक्या वेळा गेलोय, ढिगाऱ्यात हात काळे केलेत, मला अजून मिळाल्या नाहीत.

गाळ्याचा मालक भाडं वाढवणार म्हणतोय, पोरं दुसरी जागा बघतायत.

शेलॅक, स्टीव्ह अल्बिनीचा बँड. ‘टू ऑल ट्रेन्स’. स्टीव्ह अल्बिनी ७ मे २०२४ ला हार्ट अटॅकने गेला, ६१ वर्षांचा होता, आणि १७ मे ला, आधीच ठरलेल्या तारखेला, ही रेकॉर्ड आली. ह्या माणसाबद्दल दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’ आणि निर्वाणाचा ‘इन यूटेरो’ त्याने रेकॉर्ड केला आणि निर्वाणासारख्या बँडकडूनही रॉयल्टी घेतली नाही, त्याचं म्हणणं मी माझ्या कामाचे पैसे एकदा घेतले, गाणी तुमची आहेत. आणि दुसरी, त्याचा शिकागोचा इलेक्ट्रिकल ऑडिओ स्टुडिओ मोठ्या नावांसाठी होता तसाच कोणी न ऐकलेल्या बँडसाठीही होता. शेलॅकचा बेसवाला आणि ड्रमर बाकीच्या वेळी आपापली कामं करायचे, म्हणून हा अल्बम २०१७ ते २०२२ ह्या काळात अधूनमधून सुट्ट्या काढून रेकॉर्ड केलाय. जेमतेम २८ मिनिटं, दहा गाणी. ऐकताना ड्रम ऐका. ड्रम तुमच्या खोलीत ठेवल्यासारखा येतो, कारण अल्बिनी खोलीची हवा माइकमध्ये येऊ द्यायचा, वरून इफेक्ट लावत बसायचा नाही. गाळ्यातल्या पोरांना मी ही रेकॉर्ड पहिल्यांदा लावून दाखवली तेव्हाचं हे शूटिंग.

(दृश्य: तिघांचे चेहरे. बोलणं नाही.)

लिंडा लिंडाज लॉस एंजेलिसच्या. चार मुली. २०२१ मध्ये त्यांनी तिथल्या सरकारी वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांसमोर उभं राहून एक गाणं वाजवलं आणि तो व्हिडिओ जगभर गेला, ड्रमवरची मिला तेव्हा दहा वर्षांची होती. वाचनालयात! मला आवाजापेक्षा ह्याचं जास्त कौतुक वाटतं की तिथल्या कोणीतरी म्हटलं, या, इथे वाजवा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, ‘नो ऑब्लिगेशन’. पहिल्यापेक्षा वाजवणं पक्कं झालंय, गाण्यांत इंग्रजीच्या जोडीला स्पॅनिश येतं, एका गाण्यावर विनोदी गाणी करणाऱ्या वियर्ड अल यांकोविकने ॲकॉर्डियन वाजवलंय आणि ते मधेच उपरं वाटत नाही.

बाकीच्या पटकन सांगतो कारण त्यांचं शूटिंग आपल्याकडे नाही. ओसीजचा ‘सॉर्क्स ८०’, दोन ड्रमर, सॅम्पलर, सॅक्सोफोन आणि गिटार अजिबात नाही, तरी बँडचा म्होरक्या जॉन ड्वायर, त्याच्या अंगातलं गॅरेज लपत नाही. फिलाडेल्फियाच्या मॅनेक्विन पुसीचा ‘आय गॉट हेवन’, अर्ध्या तासात गोड गाणं आणि किंचाळणं दोन्ही.

(दृश्य: धोबी तलाव, रंगभवनचं गेट, मग महालक्ष्मी रेसकोर्स, मोबाइलवर काढलेलं, प्रचंड गर्दी)

रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा, १९८६ पासूनचा. शांतता क्षेत्रात येतं म्हणून २००३ च्या आसपास तिथलं सगळं थांबलं. हे आता महालक्ष्मी, मार्च २०२५, लोलापलूझा महोत्सव, स्टेजवर ग्रीन डे. त्यांचा ‘सेव्हियर्स’ २०२४ च्या जानेवारीतला, मला बरा वाटला, पहिल्या पाचात नाही. २०२३ मध्ये इथेच स्ट्रोक्स आले होते. एवढी माणसं बघा! मुंबईत गिटार ऐकायला माणूस येत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला हे दाखवा. मैदानं भरतात. शंभर माणसांची खोली, जिथे परवाच चार गाणी बसवलेला बँड जाऊन वाजवू शकेल, ती शोधायला मात्र आम्ही अंधेरीपासून ठाण्यापर्यंत फिरलो. एका ठिकाणी आधी पन्नास तिकिटांची हमी मागितली, एका ठिकाणी आवाज कमी ठेवा म्हणाले.

आणि म्हणून अ‍ॅमिल अँड द स्निफर्स. मेलबर्नमध्ये एकाच घरात राहणाऱ्या चौघांनी २०१६ मध्ये बारा तासांत गाणी लिहिली, रेकॉर्ड केली आणि लोकांसमोर टाकली, तो त्यांचा पहिला ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, ‘गिडी अप’. अ‍ॅमी टेलर तेव्हा सुपरमार्केटमध्ये काम करायची. कोणाची परवानगी नाही, कोणाची शिफारस नाही. त्याच बँडचा तिसरा अल्बम ‘कार्टून डार्कनेस’, २५ ऑक्टोबर २०२४. रेकॉर्ड केलाय लॉस एंजेलिसला फू फायटर्सच्या स्टुडिओ ६०६ मध्ये, निर्माता निक लॉनेबरोबर, ज्या मिक्सिंग डेस्कवर निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ झाला त्याच डेस्कवर. एवढं मिळाल्यावर बरेच बँड आवाज गुळगुळीत करून टाकतात. ह्यांनी नाही केला. डेक मार्टेन्सची गिटार खरखरीतच आहे, फक्त आता प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. अ‍ॅमी अजूनही वाक्य तोंडावर फेकते, बायकांच्या अंगावर आणि कपड्यांवर मत देणाऱ्यांना सरळ नाव न घेता झोडते, आणि मधेच ‘बिग ड्रीम्स’ येतं, संथ, छोट्या गावात अडकलेल्या आणि बाहेर पडायला बघणाऱ्या लोकांचं, तिथे ती ओरडत नाही आणि तरी पोटात खड्डा पडतो.

(दृश्य: गाळा, ड्रमवरचा मुलगा कानाला हेडफोन लावून, पायाने ठेका)

तो ‘बिग ड्रीम्स’च ऐकतोय. पहिला नंबर ह्या रेकॉर्डला. दुसरा शेलॅकला, आणि तिसऱ्यासाठी जॅक व्हाइट आणि लिंडा लिंडाज ह्यांच्यात माझं अजून ठरत नाहीये.